दोन डाव्या बाह्या

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, गवंडी. परांचीवरून पडले आणि गुडघा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी चढणं बंद, पण पाय हलता ठेवा. पहिलं ऐकून त्यांचं तोंड उतरलं. दुसऱ्यावर त्यांनीच उपाय काढला, ताईचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. पायाला व्यायाम आणि घरातल्या जुन्या कपड्यांचंही काही होईल.

मी पडले मेव्हणी, चेष्टा करणं माझा हक्कच. त्यांनी पहिली उशीची खोळ शिवली ती चारही बाजूंनी. उशी घालायची कुठून? "भिंती घातल्या, दार ठेवायचं राहिलं," असं म्हणून ते निमूटपणे उसवायला बसले. त्या जाड बोटांत सुई सापडायची नाही. तरी जुन्या चादरींचे पडदे झाले, विजारींच्या पिशव्या झाल्या. शिवलेलं खिळ्याला टांगून शेजारी ओळंबा सोडायचे, भिंत सरळ आहे का बघतात तसा. मी हसून लोटपोट व्हायचे, पण शिवण सुतात असायची. साठीला आलेल्या माणसाने पहिलीतल्या मुलासारखं चुकावं, उसवावं आणि कुणावर न चिडता पुन्हा शिवावं, याचं मला फार कौतुक वाटायचं. माझ्याने ते झालं नसतं.

मग ताईने पेटीतून आमच्या वडिलांचा लांब लोकरी कोट काढला. वडील पोस्टमन. सायकलवर उन्हातान्हात फिरून कोट राखेच्या रंगाचा झालेला, बाह्यांना कसर लागलेली. वडिलांची म्हणून तेवढी एकच वस्तू उरली होती. नाक्यावरच्या शिंप्याने नाक मुरडून तो परत केला होता.

"तुम्हीच माझ्या मापाचा करा," ताई भावजींना म्हणाली. "मला तो अंगात घालायचाय. पण जपून हं, हे कापड पुन्हा मिळायचं नाही."

कापताना तिला बघवेना, म्हणून ती त्या खोलीत फिरकलीच नाही. खालच्या घेरातून नव्या बाह्या काढायच्या होत्या. एके दुपारी मशीनचा आवाज नाही म्हणून मी डोकावले, तर भावजी दोन्ही बाह्या मांडीवर घेऊन बसलेले.

"दोन्ही डाव्या आल्या," ते म्हणाले.

"अशा कशा?"

"एकाच कागदावरून कापल्या, एकीमागून एक. विटेला कुठे डावी-उजवी असते?"

एरवी मी हे वाक्य गावभर केलं असतं. त्या दिवशी मी खाली पडलेले तुकडे चाळून पाहिले. दुसरी बाही निघेल एवढं कापडच उरलं नव्हतं.

बराच वेळ त्या बाह्या हातात फिरवल्यावर त्यांनी एक उलटी केली. आतली बाजू बाहेर आली आणि ती उजवी झाली. पण कोटात ही बाजू अस्तराखाली होती, तिने ऊन कधी पाहिलंच नव्हतं. ती गडद निळी निघाली. सगळा कोट राखाडी आणि उजवी बाही निळी. तरी त्यांनी तो पुरा केला, ओळंबा लावून पाहिला आणि ताईपुढे धरला.

"चुकलो मी," ते म्हणाले. "हवं तर सगळा रंगवून आणतो."

ताईने ती निळी बाही हातात घेतली आणि खालीच बसली.

"बाबांचा कोट असाच होता," ती म्हणाली. "शाळेत जाताना मी त्यांची अशीच निळी बाही धरून चालायचे."

मी शेंडेफळ. मला वडील आठवतात ते राखाडी कोटातले. तो कधीकाळी निळा होता, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघी पोटभर रडलो, आणि आपलं आता काय चुकलं ते न कळून भावजी पाणी आणायला गेले.

रंगवायचं नाव ताईने पुन्हा काढू दिलं नाही. आता थंडीत दोघं फिरायला निघतात. भावजींचा गुडघा अजून कुरकुरतो, त्यांना आधार लागतो. तेव्हा ते ताईच्या उजव्या बाजूने चालतात आणि तीच निळी बाही धरतात.