पांढऱ्या कपड्यांतला निरोप

अर्नेस्टीन माझी थोरली बहीण. सख्खी मी एकटीच, पण तिच्या बहिणी देशभर पसरलेल्या. कॉलेजातल्या काळ्या मुलींचा तो भगिनीसंघ, नाव तीन ग्रीक अक्षरांचं. एकदा शपथ घेतली की मरेपर्यंतचं नातं. मी कॉलेजची पायरीच चढले नाही, मला कोण आत घेणार? आमच्याच घरात त्यांच्या बैठका व्हायच्या आणि चिकन तळायला मी. "ड्रुसिला, काय चव आहे गं तुझ्या हाताला!" म्हणायच्या, आणि मग दार लावून घ्यायच्या. असा राग यायचा!

पण अर्नेस्टीन बाईच होती तशी धीराची. इथं अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात, आमच्या काळ्या माणसांनी मतदारयादीत नाव घालायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, त्या काळात ही संघाच्या बायकांना टोप्या-हातमोजे घालून कचेरीत घेऊन गेली. गोरा कारकून गुरगुरला, "तुमचा पुढारी कोण?" ही म्हणाली, "इतका वेळ समोर उभी आहे, दिसत नाही का?" तिथून ती चढतच गेली. आधी राज्याची प्रमुख झाली, मग साऱ्या देशाची उपाध्यक्ष. अध्यक्षपद मात्र दर खेपेला शिकागो नाहीतर वॉशिंग्टनच्या एखाद्या डॉक्टरच्या बायकोला. "खेड्यातली मास्तरीण त्या खुर्चीत शोभत नाही गं," असं म्हणून हसायची. मी असते तर एकेकीची टोपी उडवली असती.

उपाध्यक्ष असताना तिनं एक नियम करून घेतला. संघात येणाऱ्या नव्या मुलींना जुन्या मुली छळायच्या, रात्र रात्र उभं करायच्या. हिनं भर सभेत भांडून ठराव मंजूर करवला: छळ झाला की छळणाऱ्या मुलींबरोबर त्यांच्यावर देखरेख ठेवणारी सल्लागार बाईही संघाबाहेर, कायमची. "माहीत नव्हतं, ही सबब चालणार नाही," असं तिनंच त्यात घातलं.

म्हातारपणी ती इथल्या कॉलेजातल्या मुलींची सल्लागार झाली. एका फेब्रुवारीत त्या कार्ट्यांनी हिच्या नकळत नव्या पोरींना नदीत उतरवलं. एक वाहून गेली.

संघानं अर्नेस्टीनला काढून टाकलं. मी म्हटलं, "भांड की! तुझा काय दोष?"

"कुणाची तरी लेक गेली, ड्रू. मी कशासाठी भांडू?"

त्यानंतर आमच्या घराची पायरी संघातली एकही बहीण चढली नाही. मग हिच्या पोटात कॅन्सर निघाला. दुखण्याबद्दल कधी कुरकुरली नाही. एकच मागणं होतं. त्यांच्यातली कुणी गेली की बाकीच्या पांढऱ्या कपड्यांत शवपेटीभोवती उभ्या राहतात, त्यांचे ठरलेले शब्द म्हणतात, मग झाकण बंद होतं. संघातून काढलेलीला ते मिळत नाही. "मला त्यांनी पोचवावं," एवढंच म्हणायची.

मी मार्व्हाकडे गेले. मार्व्हा टिलरी इथल्या शाखेची अध्यक्ष. अर्नेस्टीननंच बोट धरून तिला संघात आणलेलं. ती रडायलाच लागली.

"मावशी, मी वर विचारलं. नाही म्हणाले."

"वरच्यांना घाल चुलीत! तू ये."

"मी उभी राहिले तर शाखा बंद करतील. आणि मावशी, नियम तिचाच आहे ना."

मी तशीच उठले. घरी आले. अर्नेस्टीननं माझं तोंड पाहिलं आणि काय ते समजली.

"बरोबर केलं मार्व्हानं," म्हणाली. "मीही हेच केलं असतं." मग भिंतीकडे वळली. पुढे तिनं सूपसुद्धा घेतलं नाही. चार घास खा म्हणून मी हातापाया पडले, ओरडलेसुद्धा. चार दिवसांत गेली.

चर्चमध्ये त्या आल्या. सगळ्या आल्या, मार्व्हासकट, आणि सगळ्या काळ्या कपड्यांत. मागच्या बाकांवर बसून रुमालात रडत होत्या. पाद्री झाकण लावायला निघाले, तेव्हा मी उठले. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला घालते तो पांढरा झगा मी घातला होता. शवपेटीपाशी जाऊन उभी राहिले. पाद्री थांबले. सगळं चर्च थांबलं.

आणि मला ते शब्दच माहीत नव्हते. मागे बसलेल्या प्रत्येकीला पाठ होते. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. एकेक करून सगळ्यांनी माना खाली घातल्या.