व्हल्गारिसचा पंडित

मी वनस्पतींच्या बागेत पाट्या रंगवतो. म्हणजे, रंगवायचो. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत झाडांची लॅटिन नावं, एकतीस वर्षं. त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात असा बसला की घरीदारी मी त्याचंच प्रवचन द्यायचो.

"अगं, व्हल्गुस म्हणजे सामान्य लोक, गर्दी," बायकोला मी जेवतानाही सोडत नसे. "त्यावरून व्हल्गारिस. सगळीकडे आढळणारं, साधंसुधं. झाडाचं नाव पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, व्हल्गारिसच. नपुंसकलिंगी असेल तर मात्र व्हल्गारे. षष्ठीत पुन्हा व्हल्गारिस, अनेकवचनात व्हल्गारेस!"

"जेवा आता, गार होतंय," ती म्हणायची.

ती त्याच बागेत माळीकाम करते. पाटी वाळली की मी सांगायचो, "ही घेवड्याची," आणि ती नेऊन रोवायची.

नव्या साहेबांनी पाट्या छापायचं मशीन मागवायचं ठरवलं. "नव्या वाफ्याच्या पाच पाट्या करून लावा," ते म्हणाले. "शनिवारी पाहुणे येतायत. काम बघून तुमचं काय ते ठरवू."

बायको नेमकी बहिणीकडे गेलेली. म्हटलं, त्यात काय, पाट्याच तर रोवायच्या! बडीशेप आणि सातूला व्हल्गारे, बाकी तिघांना व्हल्गारिस. विभक्तीत चूक निघाली असती तर मिशा उतरवल्या असत्या.

शनिवारी साहेब एका वेलापाशी थांबले. "बीट वेलावर कधीपासून यायला लागलं हो?"

पाहुणे हसले.

"बरं, यातलं बीट कुठलं, ते दाखवा."

मी वाफाभर नजर फिरवली. सगळं हिरवंच होतं! एकतीस वर्षांत पाटी सोडून झाडाकडे मी पाहिलंच नव्हतं, दीडशहाणा मेला!

"मग इतकी वर्षं पाट्या कोण लावायचं?"

वाऱ्यानं पडल्या, कुणीतरी हलवल्या, अशा दोन-तीन थापा जिभेवर तयार होत्या. पण त्याच सकाळी परतलेली बायको झारी घेऊन पलीकडे उभी होती. मला माझीच लाज वाटली.

"माझी बायको," मी म्हणालो. "मला यातलं एकही झाड ओळखता येत नाही, साहेब."

तिनं पाचही पाट्या उपटल्या, एकेक मला वाचायला लावली आणि पाच मिनिटांत ज्या त्या झाडापाशी रोवली.

मशीन आलंच. मला काढलं नाही, तिच्या हाताखाली दिलं. घरी मी गाल फुगवून बसलो होतो.

"उद्या साडेसहाला वाफ्यावर या," ती म्हणाली. "पहिला आठवडा नुसतं बघायचं. बोलायचं नाही."