भुशाच्या बोर्डाचं किचन

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून सिंकखालचं दार बसवलं. स्क्रू धरत नव्हता. भुशाच्या बोर्डाचं असंच असतं, एकदा भोक ढिलं झालं की स्क्रू नुसता गरागरा फिरतो. शेवंता, म्हणजे माझी बायको, गुडघ्यावर दार तोलून बसली होती आणि आगपेटीतल्या काड्यांची डोकी मोडून मला देत होती. मी काडी सरसात बुडवून भोकात ठोकायचो, मग त्यात स्क्रू पिळायचो.

"पेटी संपली," ती बोलली. "तुमच्या कंपनीनं किचनबरोबर आगपेटी पन फुकट द्यायला पायजे."

"गप. नीट धर. हलतेस किती."

"मी नाय हलत. तुमचं दारच हलतंय."

दार बसलं. लादीवर भुसा सांडला होता, सरसाचे थेंब पडले होते. ती उठली, पदर खोचला आणि बोलली, "एक बादली टाकू का? एकच. खराट्यानं पटकन वढून घेते."

मी म्हटलं, "पाणी टाकलंस तर हात तोडीन."

तिने फडकं ओलं करून पिळलं आणि खाली बसून पुसून घेतलं.

सोमवारी सकाळी रॉकेलच्या लायनीत उभी असताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर बोलले हार्ट. मी फर्स्ट शिफ्टला होतो.

संपादक साहेब, मी चौथी पास माणूस. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या. तुमच्या ह्या पानावर लोक भुताखेताचं लिहितात ते मी वाचतो आणि हसतो. आम्ही बौद्ध. माझ्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, अंगारे, सगळं नदीत सोडलं. आत्मा नाही, भूत नाही, हे ऐकतच मी मोठा झालो. कुणाच्या अंगात आलं की मी तोंडावर सांगायचो, उठ आणि भाकऱ्या थाप. आता मीच असलं लिहितोय म्हटल्यावर विहारातले लोक मला वेड्यात काढतील. काढू देत. झालं ते लिहितो.

आधी जागा सांगतो. नेरूळ. खाडीवरचा पूल होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, रेल्वे अजून आली नव्हती. आमचा ब्लॉक पहिल्या मजल्यावर, एक खोली आणि किचन. किचन आठ बाय सहा. खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, दारापाशी पाणी जायची जाळी. नळाला पाणी सकाळी साडेपाच ते सात. त्यानंतर दिवसभर थेंब नाही.

त्याच्या आधी आम्ही तुर्भ्याला झोपडीत होतो. चाळीस घरांत एक नळ. आणि त्याच्याही आधी गाव, महाडकडचं. गावाला आमच्या बायकांना विहिरीवर चढायची बंदी. हंडा खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. शेवंता लहानपणी आईबरोबर तशी तास तास उभी राहिलेली. नेरूळचं घर लागलं त्या सकाळी तिने किचनचा नळ सोडला आणि बघत बसली. मी बोललो, बंद कर, वाया जातंय. "जाऊ दे की," ती बोलली, "आपलंच हाय."

तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता, भांडी झाली की, ती किचन धुवायची. पुसायची नाही... धुवायची. पिंपातून बादल्या काढायची, लादीवर ओतायची आणि खराट्याने खळखळ ओढत जाळीपर्यंत न्यायची.

आता किचनचं. तुर्भ्याच्या एका कंपनीत मी कटिंगला होतो. कंपनी तयार किचन करायची. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे बोर्ड, पिशवीत स्क्रू, एका कागदावर चित्र. घरी न्या आणि तुमचं तुम्ही जोडा. लाकूड नाहीच त्यात, भुसा आणि डिंक दाबून केलेला बोर्ड, वर पांढरा मायका. नकाशा मालकाने परदेशातून आणलेला. तिकडे किचन पुसतात म्हणे. म्हणून खालच्या पट्ट्या सरळ लादीवर टेकलेल्या. आपल्या बाया रोज बादल्या ओततात हे एकाच्या डोक्यात आलं नाही. ना साहेबाच्या, ना आमच्या. सहा महिन्यांत तक्रारी सुरू... बोर्ड फुगला, मायका सुटला. साहेब बोलायचे, "गिऱ्हाइकाला सांगा, किचन धुवायचं नाही." म्हणजे माल चुकला नाही, बाई चुकली!

लोक मला अजून विचारतात, काका, स्वस्तातलं तयार किचन टिकतं का? सरळ सांगतो. कोरडं ठेवलं तर दहा वर्षं. पाणी लागलं तर एक दिवाळी. स्क्रू दोनदा काढला तर तिसऱ्यांदा धरणार नाही. दिसायला मात्र एक नंबर.

हे सगळं माहीत असून मी ते घरी आणलं. शेवंतेने कंपनीच्या कॅलेंडरवर बघितलं होतं आणि तिला ते पाहिजे होतं. कोपरे उडालेले सेट कंपनीने कामगारांना दिले, त्यातला एक. जोडल्यावर खाली तीन खोकी, म्हणजे दारांची कपाटं, आणि वर दोन. दोन दिवस ती दारं उघडून शेजारणींना दाखवत होती. तिसऱ्या दिवशी रविवार, मी घरी. तीन वाजले, तिने बादली उचलली आणि मी असा ओरडलो की बादली तिच्या हातातून सुटली. त्या दिवसापासून चौदा महिने तिने किचनमध्ये पाणी ओतलं नाही. मी दर रविवारी वाकून पट्ट्यांना हात लावून बघायचो. कोरड्या. मला वाटलं, समजली बाई.

ती गेल्यावर सातव्या दिवशी वंदना झाली, लोक जेवले. मुलगी सुनंदा पनवेलला दिलेली, ती आठव्या दिवशी गेली. मी नवव्या दिवशी कामावर. घरात बसून भिंती किती बघणार.

साडेतीनला आलो, कुलूप काढलं. किचनची लादी ओली. ओली म्हणजे नुसती फडकं फिरवलेली नव्हे... धुतलेली. खराट्याचे फरकाटे दिसत होते, जाळीपाशी पाणी अजून थेंब थेंब जात होतं. खराटा भिंतीला उलटा उभा, निथळायला.

माझं पहिलं लक्ष कुठे गेलं ते सांगतो, लाज वाटते. बोर्डाकडे. मी तिची जुनी साडी घेतली आणि खाली बसून पट्ट्या पुसत सुटलो. मग डोकं चालायला लागलं. नळ सोडून बघितला, सुका. वरच्या मजल्यावरून गळतंय म्हणावं तर छत कोरडं. पिंप मी सकाळी काठोकाठ भरून झाकण ठेवलं होतं. झाकण उचललं. काठोकाठ. कुलपाच्या चाव्या दोन, दोन्ही माझ्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना नवीन कुलूप घालून गेलो. आलो, तर तेच. लादी ओली, खराटा उलटा, पिंप भरलेलं.

मी घाबरलो नाही. खोटं कशाला सांगू, मला राग आला. कोण माझ्या घरात येतं आणि तिचं किचन खराब करतं? तिचं एवढंच तर राहिलं होतं माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी मी कंपनीतून आणलेला त्याच बोर्डाचा तुकडा, वीतभर, पट्टीला खेटून लादीवर ठेवून गेलो. पाणी खरं आहे की माझे डोळे गेलेत, तेवढं कळायला. साडेतीनला आलो. तुकडा फुगून पावासारखा झाला होता, बोट लावलं तर भुसा हातात आला. आणि त्याला चिकटलेली पट्टी... मी आडवा पडून बघितलं. नखाने खरवडून बघितलं. कंपनीतलं माप आणलं होतं, ते लावलं. जेवढी कटिंगला होती तेवढीच जाड. पाण्यात उभी, आणि फुगली नाही. बारा वर्षं मी बोर्ड कापले. असा बोर्ड नसतो.

मग मी समोर गेलो. समोर घाडगेबाई, साताऱ्याकडच्या. त्यांचे मिस्टर ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. बाई एकटीच घरी असायची, माझा संशय तिच्यावर.

"बाई, माझ्या घरात तुमी पाणी टाकता काय?"

"मी? शुद्धीत हाय का भाऊजी? कुलूप तुमचं, चावी तुमची."

"मग कोण टाकतं? तीन दिवस झाले. बरोबर तीनच्या टायमाला."

त्या काहीतरी फाडकन बोलणार होत्या, त्या थांबल्या. "तीनला?" बोलल्या. आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"भाऊजी... तीनला शेवंताताई माझ्याकडं यायच्या."

"कशाला?"

"माझं किचन धुवायला."

मला कळेना ही बाई काय बोलते.

"रोज. रविवार सोडून. वरीस झालं की. मी आधी नको नको म्हटलं. लोक काय म्हणतील, शेजारणीला राबवून घेते म्हणतील. ऐकतील तर शपथ! म्हणायच्या, तुमी चहा टाका, मी पाणी टाकते. आणि काय ते पाणी वो भाऊजी, माझं पिंप निम्मं करायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, तुमच्या घरात करा की असलं! तर हसल्या. म्हणल्या, आमच्या ह्यांचं किचन साखरेचं हाय, विरघळतं."

"मला का नाय सांगितलं?"

"तुमाला कोन सांगणार? तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो. आणि त्याच म्हणायच्या, त्यांना बोलू नका. हौसेनं आणलंय त्यांनी, वाईट वाटंल त्यांना."

मी घरी आलो. दार लावलं आणि ओल्या लादीवरच बसलो. पॅन्ट भिजली. गावाला दुसऱ्यांनी तिला पाण्यापासून लांब ठेवलं. त्यांना आम्ही जन्मभर शिव्या दिल्या. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाखाली, मी काय केलं? पाच खोक्यांसाठी? पुन्हा ती दुसऱ्याच्या दारी पाण्याला गेली, आणि ते सुद्धा माझ्या मनाला लागू नये म्हणून माझ्यापासून लपवून.

तिथे बसून मी तिला विचारलं, रागावलीस काय. मोठ्याने विचारलं. जाळीत पाणी जात होतं तेवढं.

आता तुम्ही विचाराल, हे काय होतं? मला माहीत नाही. सुनंदा बोलली, "बाबा, तुमीच धुतलं असंल सकाळी. दुखात माणूस विसरतो." सकाळी धुतलेली लादी साडेतीनपर्यंत ओली राहील काय, एप्रिलात? विहारातले एक जाणते गृहस्थ आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोलले, मन फार जोरदार गोष्ट आहे. असेल. मनाने लादी ओली दिसेल, पण बोर्डाचा तुकडा कसा फुगेल? तो तुकडा मी अजून ठेवला आहे, कुणाला बघायचा तर या. भूत मी आजही मानत नाही. ती आली होती असं मी म्हणत नाही. आली नव्हती असंही माझ्याने म्हणवत नाही. त्या तीन दुपारींनंतर परत तसं कधी झालं नाही. मी महिना-महिना वाट बघितली, झालं नाही. आणि बोर्ड म्हणाल तर तो काही निराळा नव्हता. पुढे सहा महिन्यांत पट्ट्या फुगल्या, वर्षात खालची खोकी बसली, भंगारवाल्यानेसुद्धा घेतली नाहीत. बोर्ड जसा असतो तसाच निघाला. मग ते तीन दिवस त्याला काय झालं होतं?

घाडगेबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला नळ आला. मी पिंप भरलं. दोन बादल्या भरल्या. खालच्या खोक्यांतली भांडी काढून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. खराटा घेतला आणि उभा राहिलो. कुठून सुरू करायचं तेच मला माहीत नव्हतं. वीस वर्षांचा संसार, आणि तीनच्या टायमाला मी कामावर, रविवार असला तर झोपलेला. तिला किचन धुताना मी धड कधी बघितलंच नव्हतं.

समोरचं दार वाजवलं. घाडगेबाई तशाच विस्कटलेल्या केसांनी आल्या. म्हटलं, "बाई, ती कुठून धुवायची?"

त्यांनी माझ्या हातातला खराटा बघितला. माझ्या मागे किचनपर्यंत आल्या आणि ओट्याखाली बोट दाखवलं. "हितनं. भिंतीच्या कडंनं. मग मागं मागं सरत दारापतूर. पाठ दाराकडं करा."

मी पाठ दाराकडे केली आणि पहिली बादली ओतली. पाणी सरळ पट्ट्यांवर आपटलं आणि खालून आत शिरलं.

"बास?" मी विचारलं.

"ह्याला धुनं म्हणत न्हाईत," घाडगेबाई बोलल्या. "आणखी टाका."

मी दुसरी बादली उचलली.