मामीची दारातली खाट

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या काखेत थर्मामीटर होता. चोरखमाऱ्याजवळच्या गावाहून मामेभाऊ रडत सांगत होता, "ताई, आई झोपेतच गेली… तू ये." इकडे ताप एकशे दोन, अंग ठणकतंय, खोकला थांबत नाही. गोंदियात तेव्हा घरोघरी फ्लू चालला होता.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की अख्खं गाव भेटायला येतं. न येणारा माणूसघाणा ठरतो. मामीही तशीच धावायची. पण तिची सून सातव्या महिन्यात असताना, भेटायला आलेल्या एका पाहुण्याचा खोकला घरात राहिला आणि सून तापली. मामा म्हणाले, "एक सलाईन लावून देऊ." मामीने ऐकलं नाही, तिला थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा फ्लू आहे, गरोदरपणात अंगावर काढायचा नसतो, लगेच आणलंत ते बरं केलंत. सून वाचली, बाळही वाचलं. तेव्हापासून फ्लूचे दिवस आले की मामी दारात खाट आडवी टाकून बसायची. येईल त्याला पहिला प्रश्न, "ताप-खोकला आहे का?" सख्ख्या भावालाही तिने अंगणातच चहा पाजून परत पाठवलं. तो कितीतरी दिवस बोलला नाही. "नको बोलू," मामी म्हणाली, "जिता राह्य."

मामांना दमा. त्यांना ती दरवर्षी लस द्यायला गोंदियाला आणायची.

"सर्दीची कायले लस?" मामा कुरकुरायचे.

"सर्दी नाही व्हय थे, फ्लू व्हय. चाल मुकाट्यानं!"

मला या बाईचा धाक होता आणि तितकाच तिच्यावर जीव होता. म्हणूनच मी गेले नाही. तिचा चेहरा फोनवर पाहिला, ओक्साबोक्शी रडले… पण मामांनी लस घेतलेली असली तरी त्यांच्या दम्यासमोर मी माझा खोकला नेणार नव्हते. नातेवाइकांचे फोन आले. "काऊन नाही आली? पोरीवानी पोसलं तिनं तुले!" शहराची हवा लागली, असंही एकीने सुनावलं. सुनावू दे. वाईट वाटलं, अजून वाटतं. तरी उद्या तीच वेळ आली तर मी पुन्हा घरीच थांबेन.

पूर्ण बरी झाल्यावर गावी गेले. मामा रागावले असतील, अशी धास्ती होती. खाट दारातच होती, आडवी. तिच्यावर मामा बसले होते. मला पाहून त्यांचे डोळे भरले, पण ते उठले नाहीत.

"ताप-खोकला आहे का?"

"नाही, मामा."

"मंग ये," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी खाट बाजूला सरकवली.