भावोजींच्या सुट्या गाड्या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आयुष्यात एका जागी सलग अर्धा तास बसलेले मी पाहिले नाहीत, आणि तरीही खारेपाटणच्या पलीकडचं जग त्यांनी जवळजवळ पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या पायांना चाकं होती आणि पोटाला ब्रेक. मोटार सुरू झाली की तिसऱ्या वळणाच्या आत भावोजींना गाडी लागायची. लग्नाच्या दिवशी त्यांना वऱ्हाडाबरोबर मोटारीत बसवलं, तर नवरदेव निम्म्या वाटेत उतरले आणि मुंडावळ्या सावरत पायी चालत मांडवात आले. अक्का अजून सांगते, "माका वाटला, न्हवरो पळालो!" आणि अशा माणसाला देवाने वेड लावलं होतं ते ट्रकांचं.

साठ सालाच्या आगेमागे ते खारेपाटणच्या एका नाक्यावर कारकून होते. देवगडचा हापूस भरलेले ट्रक नाक्यावर थांबत, ड्रायव्हर चिठ्ठी दाखवी, भावोजी सही करत. सहीला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दसपट वेळ पुढच्या कामाला लागायचा. अक्काच्या शिवणयंत्राच्या खणातली कापडी टेप काढून ते ट्रकाखाली शिरत. चाकाची उंची, दोन चाकांमधलं अंतर, बाजूच्या लाकडी फाळक्यांची जाडी, सगळं मोजून वहीत टिपून घेत. एका नव्या ड्रायव्हरला वाटलं, सरकारने काहीतरी नवा कायदा काढला. त्याने घाबरून आंब्यांची एक पेटी खाली उतरवली. भावोजींनी ती स्वतःच्या हातांनी परत वर चढवली आणि म्हणाले, "आंबे नको रे. त्यापेक्षा गाडी वाईच फुडे घे, मागचो आस मोजूचो रवलो हा." तेव्हापासून सगळे ड्रायव्हर त्यांना टेपवाले साहेब म्हणू लागले.

ही मापं घेऊन ते घरी लाकडाचे ट्रक करत. फुटाला अर्धा इंच हे त्यांचं प्रमाण. सांगाड्याला पांगाऱ्याचं हलकं लाकूड, टायरला फाटक्या चपलांचं रबर, दिव्यांना सदऱ्याची बटणं आणि ताडपत्रीला मोडक्या छत्रीचं कापड. स्टिअरिंग मात्र नारळाच्या करवंटीची कडी घासून घासून केलेलं, आणि ते फिरवलं की पुढची चाकं खरोखर वळत. पण गंमत अशी की यातले फारच थोडे ट्रक त्यांनी जोडून पुरे केले. एका ट्रकाचे सगळे भाग तासून झाले की ते प्रत्येक भागाला कागदात गुंडाळत, वर आकडा घालत, कुठला भाग कशात बसवायचा ते एका चिठ्ठीवर लिहीत आणि सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून पुढच्या ट्रकाकडे धावत. घरातल्या फळ्यांवर असे डबेच डबे झाले होते. लोणच्याच्या बरण्या जमिनीवर आल्या होत्या. मी एकदा विचारलं, "भावोजी, जोडत का नाही?" तर म्हणाले, "जोडली म्हणजे गाडी बसली. सुटी आसा तोवर ती खंयय जावक शकता."

एकदा आरोंद्याचा एक ओळखीचा खलाशी परदेशातून त्यांच्यासाठी एक खोका घेऊन आला. वर ट्रकाचं रंगीत चित्र आणि आत त्याच ट्रकाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग, चौकटीला चिकटलेले, प्रत्येकावर बारीक आकडा. भावोजी खोक्याकडे बघतच राहिले. मग अक्काला हाक मारून म्हणाले, "गो, हयसर ये! जगात माझ्यासारखो आणखी एक पिसो आसा!" संध्याकाळपर्यंत त्यांनी तो खोका सात वेळा उघडला आणि सात वेळा बंद केला. पण जोडला नाही. ज्या गाडीखाली आपण शिरलो नाही तिची जबाबदारी घ्यायची कशी, असा त्यांचा प्रश्न होता.

जेवताना रस्त्यावर भोंगा वाजला की भावोजी ताटावरून उठलेच. अक्का ओरडायची, "बसा हो! ट्रक काय तुमच्या पानात जेवक येतलो आसा?" तोवर ते अंगणाच्या टोकाला पोचलेले असत. नुसत्या आवाजावरून गाडी भरलेली की रिकामी ते सांगत. परत येऊन पुन्हा भात कालवत, तेवढ्यात दुसरा भोंगा. पूजेतही तेच. मात्र एक गोष्ट ते अगदी स्थिर चित्ताने करत. एखाद्या ट्रकाचे सगळे भाग तयार झाले की डबा बंद करण्यापूर्वी ते देवासमोर नारळ ठेवून त्याचं गाऱ्हाणं घालत, खऱ्याखुऱ्या नव्या गाडीचं घालतात तसंच. "बा देवा म्हाराजा, ही गाडी आज तुझ्या पायाशी ठेवलंय. हिका चढणीक बळ दी, उतारणीक ब्रेक दी, वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!" आणि अक्काने आणि मी मागे हात जोडून म्हणायचं, "होय म्हाराजा!" वीतभर लाकडी ट्रकासाठी मी असं होय म्हाराजा कितीदा म्हटलं असेन, त्याला गणती नाही.

मी या घरात आलो तो हायस्कुलासाठी. माझे वडील देवगडच्या बंदरात पेट्या चढवायचे. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. आमच्या कुळात कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मॅट्रिक झालो तेव्हा मला नोकरी बघायला सांगणारे पुष्कळ होते. भावोजींनी कुणाशी चर्चा केली नाही. एका सकाळी नाक्यावर कोल्हापूरला जाणारा ट्रक थांबवला, मला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि माझ्या हातात कागदाची एक पुडी दिली. आत ट्रकाचा लाकडी सांगाडा होता. "दर खेपेक एक भाग देतंय," ते म्हणाले. "शेवटचो भाग मी सोता घेवन येतलंय. तू बी.ए. झाल्यावर. समारंभाक." मी म्हटलं, "भावोजी, घाट आहे वाटेत." ते म्हणाले, "घाट आसा म्हणानच सांगतंय."

चार वर्षं मी सुट्टी संपवून कॉलेजला निघालो की माझ्या ट्रंकेत ट्रकाचा एक भाग वाढायचा. आस, चाकं, फाळके, बटणांचे दिवे. वसतिगृहाच्या खोलीत मी ते जोडत गेलो. शेवटी एकच वस्तू राहिली, ती स्टिअरिंग. परीक्षेचा निकाल लागला, पदवीदानाची तारीख कळली, आणि खारेपाटणच्या घरात भावोजींची तालीम सुरू झाली. त्यांनी पडवीत तांबड्या मातीचा, कोल्हापूरच्या वाटेवरचा बावड्याचा घाट बांधला. ड्रायव्हरांना विचारून विचारून एकेक वळण घेतलं. रोज सकाळी पालथं पडून, डोळा रस्त्याला लावून ते एक लाकडी ट्रक त्या घाटातून वर चढवत. पोटाला वळणांची सवय झाली की पोट गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब. अक्काने मला नंतर सांगितलं की मातीच्या घाटातही तिसऱ्या वळणावर ते उठून अंगणात पळाले होते. तरी हटले नाहीत. रोज एक वळण वाढवत त्यांनी तो घाट पुरा केला, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी तोंडात आवळासुपारी धरून, स्वतःच्या पोटाचं गाऱ्हाणं घालून, ते खरोखर ट्रकात बसले.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या दाराशी आला तो एकटा ड्रायव्हर. त्याने माझ्या हातात छोटी पुडी ठेवली. "टेपवाले साहेब तिसऱ्या वळणार उतारले. लय त्रास झालो बिचाऱ्यांका. म्हणाले, ह्या तेका दी आणि सांग, पोटान दगो दिल्यान." पुडीत करवंटीचं स्टिअरिंग होतं.

दुसऱ्या दिवशी मी काळा झगा घातला, पदवी घेतली, टाळ्या ऐकल्या. पण डोळे सारखे दाराकडे जात होते. रात्रभर झोप नव्हती. समारंभ संपल्या संपल्या मी ट्रंक उचलली. भावोजी येऊ शकले नाहीत तर आपण जाऊ, पदवी आधी त्यांच्या पायाशी ठेवू, असा विचार करून मी खाली जाणाऱ्या एका गुळाच्या ट्रकात मागे चढलो आणि ढेपांवर आडवा झालो तो खारेपाटणलाच जागा झालो.

अक्का दारात आली. माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाली, "तू एकटोच? ते खंय?"

"ते घरी नाहीत?"

"घरी कशे आसतीत? तुझ्याकडे गेले मां!"

त्यानंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. पहिल्यांदाच त्या घरात रस्त्यावर भोंगा वाजला की अक्का ताटावरून उठायची. मी नाक्यावर उभा राहून प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होतो. घाटात दरड, दऱ्या, जनावरं, काय काय मनात येत होतं. पदवीचा कागद ट्रंकेत तसाच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक ड्रायव्हर हसत हसत म्हणाला, "टेपवाले साहेब? घाटापलीकडे कळे गावाजवळ बघलंय काल. बैलगाडयेत बसान आमका हात करी होते. हयच्या वाटेक लागले हत." अक्का तिथेच ओट्यावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मग उठून म्हणाली, "येवंदेत घराक. आता बघतंय!"

ते चौथ्या दिवशी आले, पायांना फोड घेऊन. ड्रायव्हरला पुडी देऊन त्यांनी घराकडे तोंड केलं होतं. "धा पावलां इलंय, आणि पाय वळले," ते सांगत होते. सारा घाट पायी चढले. पुढे बैलगाड्या बदलत गेले, कारण बैलगाडी त्यांना लागत नसे. कोल्हापूरला पोचले तेव्हा माझ्या खोलीला कुलूप होतं. मग पहारेकऱ्याला विचारत विचारत त्या सभागृहापर्यंत गेले. आत खुर्च्या उचलण्याचं काम चाललं होतं. मी कुठे उभा राहिलो असेन ते विचारून घेतलं, त्या जागी क्षणभर उभे राहिले आणि परत फिरले.

अक्काने भांडायचं ठरवलं होतं, पण ती त्यांच्या पायांना तेल चोळत बसली. भावोजींनी मला विचारलं, "तू कसल्या गाडयेतसून इलंस?"

"गुळाच्या."

खिशातून वही काढून त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. बावड्याच्या पुढे बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबली असताना, समोरून गेलेल्या एका ट्रकाची ती नोंद होती. 'गुळाच्या ढेपा. ताडपत्री डावीकडे फाटकी. मागचे उजवे चाक नवीन. मागे एक इसम झोपलेला.'

मी पदवीचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी सदऱ्याला हात पुसले, टेप काढली, कागदाची लांबी-रुंदी मोजली आणि वहीत टिपली. मग ट्रंकेतून तो ट्रक काढायला सांगितला आणि स्टिअरिंग बसवलं. पण सरस लावू दिला नाही. "मोकळा रवांदे," म्हणाले. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. ते ट्रकाचं होतं की माझं, मला कळलं नाही. होय म्हाराजा मात्र अक्काने दोघांच्या वाटचं म्हटलं.

भावोजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्काने सगळे डबे मला दिले. मी ते एकदाही उघडून जोडले नाहीत, आणि आरोंद्याच्या खलाशाचा खोकाही तसाच आहे. जोडलेला तो एक ट्रक माझ्या टेबलावर असतो. त्याचं स्टिअरिंग मी जाता येता फिरवतो. पुढे मी शाळामास्तर झालो, आणि शाळेच्या कामासाठी मला अधूनमधून कोल्हापूरला जावं लागतं. मला काही गाडी लागत नाही. पण घाटात तिसरं वळण आलं की मला झोप येत नाही, वाचवत नाही, मी खिडकीतून कडेने चालणाऱ्या प्रत्येक माणसाकडे नीट बघतो. मग मनातल्या मनात गाऱ्हाणं म्हणतो. होय म्हाराजा म्हणायला शेजारी कुणी नसतं, तेही मीच म्हणतो.