विहीणबाईंना शाळेचं बोलावणं

नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या आमच्या घरात दोन सासवा नांदतात. एक मी, सुनेची. दुसरी माझ्या मुलाची. विहीणबाई श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळ. तिकडच्या युद्धात लहानग्या लेकीला घेऊन समुद्र ओलांडून इकडे आल्या, आणि लेक सून होऊन आमच्या घरी आल्यावर काही वर्षांनी नागपूरला आमच्याकडे राहायला. बाई सोज्वळ, पण घरभर, अगदी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत चपला घालून फिरत. मला ते बघवत नसे. एकदा सुनेला म्हणालेच, "तुह्या आईले सांग ना वं, चपला दाराशी काढत जा म्हणून." सुनेनं विषयच बदलला आणि मी आठवडाभर धुसफुसत होते.

गेल्या उन्हाळ्यात तिकडून निरोप आला. सैन्यानं छावणीसाठी घेतलेली त्यांची शाळा अखेर गावाला परत मिळाली होती, उद्घाटनाला जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं. मला वाटलं, बाई हरखून जातील. त्यांनी तर जायला नकार दिला आणि जेवणच टाकलं. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून गच्चीवर, नुसत्या येरझाऱ्या. त्यांना बघून माझाही पाय एका जागी ठरेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात, भाजी करपे. शेवटी मी सुनेला समोर बसवलं. "काहून नाही म्हणून राहिल्या त्या?"

तिनं सांगितलं ते असं. ती शाळा गावानंच श्रमदानानं बांधलेली. सगळं शिक्षण तमिळमधून. सैन्य आलं तेव्हा पोरं वर्गातले लिहायचे फळे डोक्यावर घेऊन निघाली. मग कधी देवळाच्या मंडपात, कधी आंब्याखाली वर्ग भरे. गाव पळालं की शाळाही पळे. विहीणबाई गणित शिकवत, आणि शिस्तीच्या एवढ्या कडक की मंडपातसुद्धा चपला बाहेर रांगेत काढून ठेवायला लावत. विद्या म्हणजे देव, तिथे चपला कशा चालतील? एक दिवस तोफगोळे पडू लागले. मुलं खणून ठेवलेल्या चरात उतरली. आठवीतली एक मुलगी मात्र रांगेतल्या आपल्या नव्या चपला आणायला मागे वळली. ती परत आली नाही. तेव्हापासून विहीणबाईंनी कोणाला चपला काढायला लावल्या नाहीत, आणि स्वतःही काढल्या नाहीत.

त्या मुलीची आई अजून त्याच गावात राहते. तिला तोंड कसं दाखवायचं, हा खरा पेच होता.

मला भयंकर राग आला. पण त्या युद्धावर हुडकेश्वरात बसून रागावून काय होणार? माझ्यानं नुसतं बसवेना. मी सुनेला म्हटलं, त्या मुलीच्या आईलाच फोन लाव. शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे, पण हा जीव टांगणीला लावणं पुरे. सून घाबरली. तरी दुसऱ्या दिवशी तिनं कुठून तरी नंबर मिळवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. विहीणबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. सून हळूच मला मराठीत सांगत गेली. "त्या म्हणतात, बाई, तुम्ही याच. माझी मुलगी गेली कशी, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ती वर्गात कशी होती, हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात."

विहीणबाई चौकट सोडून फोनजवळ येऊन बसल्या. मग फोनकडे तोंड करून सावकाश बोलू लागल्या. सुनेच्या डोळ्यांना धार लागली, मला सांगायचंही ती विसरली. मी तिला कोपरानं ढोसलं.

"आई येते म्हणतेय," ती म्हणाली. "आणि सांगतेय की त्यांची मुलगी गणितात कच्ची होती. फळ्यावर चुकली की आधी स्वतःच हसायची."