हरभरा निघाला की समुद्र

खुशालरावांचे कान शाबूत होते. अडुसष्टाव्या वर्षीही दोन वावरांपलीकडे कोणी बांधावरून शेळ्या आत घातल्या, तर यांना ओसरीत बसल्या बसल्या कळायचं. ऐकू यायची नाही ती फक्त घरची बाई. वच्छलाबाई चाळीस वर्षं हाका मारत राहिल्या, "अवो, इकडे या न, हे पाहा न." कधी वांग्याला आलेलं पहिलं फूल दाखवायचं असे, कधी वासराची उडी. आणि हे गृहस्थ प्रत्येक वेळी म्हणत राहिले, "मंग पाहू." त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहायच्या आणि मग कामाला लागायच्या.

गाव दर्यापूरच्या रस्त्यावरचं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर असून नसल्यासारखी. शहाणी माणसं पावसाच्या ओलीवर हरभरा घेतात आणि गप्प बसतात. खुशालरावांनी मात्र बोअर मारली आणि तेच पाणी मिरचीला दिलं.

"हे पानी देऊ नका बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. "पानी उडून जाते, मीठ मातीतच रायते."

पालथ्या घड्यावर पाणी! "चौथी शिकलेली बाई मले शेती शिकवून रायली," असं खुशालराव पारावर बसून हसत हसत सांगायचे. चार वर्षांत मिरचीचं वावर पांढरं पडलं. परसातल्या वांग्यांना वच्छलाबाई नळाच्या गोड्या पाण्याच्या कळशा वाहून घालत, ती वांगी मात्र येत राहिली. नवऱ्याने त्याला नशीब म्हटलं आणि भरीत चापून खाल्लं.

त्या बाईला एकदा समुद्र पाहायचा होता. फार नाही, एकदाच. "हरभरा निघाला की जाऊ," खुशालराव म्हणायचे. हरभरा दर वर्षी निघायचा. मग एका वर्षी पुतणीचं लग्न, एका वर्षी सोसायटीची निवडणूक, नाहीतर उन्हाळाच फार. एकदा टीव्हीवर समुद्राच्या तळाशी हलणारी रंगीत पोवळी दाखवत होते. वच्छलाबाईंनी आपल्या बोटातल्या, आईने दिलेल्या पोवळ्याच्या अंगठीकडे पाहिलं आणि विचारलं, "अवो, हे पोवळं जितं असते काय?"

"दगड कुठं जिता असते? काहीबी इचारून रायली!"

गेल्या माघात त्या सकाळचं चहाचं आधण ठेवता ठेवता ओट्याशी बसल्या, त्या उठल्याच नाहीत. वावरात हरभरा घाट्यांनी भरला होता. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी हरभरा निघाला. पोती घरात आली तेव्हा खुशालराव त्यातल्याच एका पोत्याला टेकून लहान पोरासारखे रडले. अमरावतीहून आलेली लेक रागिणी पाण्याचा पेला घेऊन बाजूला उभी होती. तिनेही बापाला असं कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास ते काही कामाने अकोल्याला गेले होते. गजेंद्र नावाच्या पोराच्या मासळ्यांच्या दुकानात, म्हणजे काचेच्या टाक्यांत सोनेरी मासे विकतात त्या दुकानात, त्यांना एका टाकीत काहीतरी हलताना दिसलं.

"प्लास्टिकचं हाय काय हे?"

"नाही काका. पोवळ्याच्याच खानदानातलं हाय. मऊ जात. जितं हाय ते."

"जितं हाय?" त्यांनी तीनदा विचारलं आणि स्टूल ओढून बसले.

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की वच्छलेच्या वर्षश्राद्धाला घरात जितं पोवळं असलं पाहिजे. बाईला चुकीचं उत्तर दिलं होतं, ते तिच्याच घरात दुरुस्त करायचं होतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणा हवं तर. पण माणूस कधी नव्हे तो कामाला लागला.

गजेंद्रने सगळं नीट समजावलं. जारचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं पाकिटातलं मीठ मोजून टाकायचं, महिना-दीड महिना टाकी नुसती मुरू द्यायची. विहिरीचं पाणी अजिबात चालणार नाही.

"जनमभर खाऱ्या पान्यानं नाकी नऊ आणले," खुशालराव तडकले, "अन् आता खारंच पायजे तं हे चालत नाही!"

पण त्यांनी ऐकलं. दीड महिना रिकाम्या टाकीसमोर बसले. गावातली माणसं येऊन विचारायची, "मासोळी कुठं हाय?" हे म्हणायचे, "मुरून रायलं." मार्गशीर्षात तीन पोवळी आली. एक बटनांच्या गुच्छासारखं, एक भुईछत्रासारखं आणि एक हाताच्या पंजासारखं. पहिले दहा दिवस तिन्ही फुलली. रागिणीला दाखवताना बापाने फोन काचेलाच चिकटवला.

मग बटनं मिटली, ती उघडेनात. गजेंद्र फोनवर म्हणाला, उजेड कमी करा. केला. पाणी हलवणारा पंखा दुसरीकडे तोंड करून लावा. लावला. खाणं बंद करा, पाणी किती गरम आहे ते पाहा. सगळं झालं. भुईछत्र विरघळून शेंबडासारखं झालं आणि घरभर वास सुटला. बटनांचा गुच्छ त्याच्या मागोमाग गेला. उरला पंजा, तोही करडा पडून बोटं मिटून बसला.

"काका, मीठ मोजता न?"

"काट्यावर तोलून टाकतो. ग्रामभर इकडचं तिकडं नाही."

आणि ते खरंच होतं. कोरड्या हवेने टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. खुशालराव रोज बादलीत शुद्ध पाणी घेत, त्यात मीठ तोलून कालवत आणि टाकी काठोकाठ भरत. समुद्राच्या टाकीत समुद्राचंच पाणी भरायचं, यात चुकण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं.

श्राद्धाला नऊ दिवस उरले होते. सकाळी काच पुसताना वरच्या कडेला पांढरा थर त्यांच्या बोटाला लागला. धूळ असेल म्हणून त्यांनी नखाने खरवडलं, जिभेला लावलं. मीठ.

हा थर त्यांच्या ओळखीचा होता. मिरचीच्या सरीवर, बोअरच्या पाटाच्या कडेला त्यांनी तो चार वर्षं पाहिला होता. पाणी उडून जाते, मीठ तिथेच रायते. रोज नुसतं पाणी उडत होतं आणि हे रोज वरून मिठासकट भरत होते. भरायचं होतं ते गोडं पाणी, नुसतं गोडं.

खुशालराव टाकीशीच जमिनीवर बसले. "तू सांगतलं होतं वं," ते मोठ्याने म्हणाले. "तुले सगळं मालूम होतं. मीच ऐकलं नाही." एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं, आणि निघालं ते काचेच्या टाकीसमोर. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पदर असता तर तोंडावर घेतला असता.

गजेंद्र दुपारी मीठ मोजायची नळी घेऊन आला. त्याने मोजलं आणि कपाळाला हात लावला. "मीठ तोललं ते बादलीतलं, काका. टाकीतलं कोन मोजायचं? माहीच चूक झाली, मी नीट इचारलं नाही. आता घाबरून एकदम गोडं ओतू नका, उरलेलंबी मरन. रोज तीनदा तांब्याभर खारं काढा, तांब्याभर गोडं टाका."

"जगन काय?"

"सांगता येत नाही."

खुशालरावांनी वच्छलाबाईंचा पितळी तांब्या काढला. सकाळी एक तांब्या, दुपारी एक, दिवे लागायच्या वेळी एक. मधल्या वेळात ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसत, दारातून कोणी हाक मारली तरी उठत नसत. नवव्या दिवसापर्यंत पंजा तसाच करडा होता. तो अजून हातातून गेला नव्हता, एवढंच.

श्राद्धाच्या सकाळी रागिणी अमरावतीहून निघाली होती, गुरुजी अजून यायचे होते. खुशालराव अंघोळ करून आले आणि सवयीने टाकीवर वाकले. पंजाच्या एका बोटाच्या टोकावर तिळाएवढं फूल उघडलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत बाजूला दुसरं उघडलं, मग तिसरं. पाण्याबरोबर ती फुलं हलत होती.

ते सरळ झाले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी जोरात हाक मारली. "वच्छला! अवं, ये न इकडे! हे पाह्य, जितं असते वं पोवळं!"

आतून उत्तर आलं नाही. "मंग पाहू" एवढंसुद्धा नाही.

खुशालराव थोडा वेळ तिथेच उभे राहिले. ती उभी राहायची तसे.